इयत्ता एक, पायऱ्या पाच

अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला मराठीत 'ढ' म्हणतात. ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत येताना बाकीची अक्षरं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, ढ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून जो पुढे सरकत नाही तो ढ, अशी या शब्दाची जन्मकथा सांगतात. कथा मागाहून जुळवलेली असेलही, पण अक्षराबद्दल ती खरी आहे. अशोकाच्या शिलालेखातला ढ तुम्हाआम्हाला आजही लावता येईल. मुलांबद्दल ती खरी आहे का, ते बघू.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी चौथीत एक मुलगा होता. वही बघाल तर वर्गात पहिला नंबर त्याचाच. अक्षर टपोरं, समास सोडलेला, फळ्यावरचं सगळं उतरवलेलं. एकदा मी फळ्यावर लिहीत असताना फोन वाजला आणि वाक्याच्या मध्यात 'शेतक' एवढंच लिहून मी बाहेर गेले. परत येऊन वह्या बघितल्या. कुणी 'शेतकरी' पूर्ण केला होता, कुणी पेन्सिल चावत माझी वाट बघत होतं. याच्या वहीत 'शेतक' होतं आणि त्याखाली पट्टीनं मारलेली रेघ. काम संपलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा वाचत नाहीच, अक्षरांची चित्रं काढतो. आणि तीन वर्षं काढत आलाय. वाचायची पाळी जवळ आली की हा पाण्याची बाटली घेऊन नळावर का जातो, त्याचाही उलगडा झाला.

चौथीपर्यंत आला कसा, असं लोक विचारतात. त्यात गूढ काही नाही. पहिलीत आणि दुसरीत दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला गेले आणि हाही गेला. परत आला तेव्हा वर्ग बाराखडी ओलांडून जोडाक्षरांवर पोचला होता. पाठ्यपुस्तक एसटीच्या वेळापत्रकासारखं असतं, कोण चढलं कोण राहिलं हे न बघता गाडी सुटते. 'नापास केलं असतं तर सुधारला असता' म्हणणारेही भेटतात. नापास केलं असतं तर तोच न कळणारा धडा त्यानं दोनदा बघितला असता, एवढंच.

असा मुलगा अपवाद असता तर हा लेख लिहायची गरज नव्हती. 'असर' हे ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन केलं जाणारं सर्वेक्षण २००५ पासून चालू आहे. २०२४ च्या फेरीत सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. त्याआधी दोनच वर्षं, २०२२ मध्ये, हा आकडा १६.३ होता, म्हणजे सुधारणा झाली आहे आणि ती थोडीथोडकी नाही. तरीही चारातल्या तिघांसमोर तिसरीचं पुस्तक हे नुसत्या चित्रांचं पुस्तक आहे.

यावरचा एक उपाय आता देशात आणि देशाबाहेरही वापरला जातो. तो ऐकायला इतका साधा आहे की यात नवीन काय, असं वाटतं: दिवसातला एखादा तास इयत्ता विसरायची. मूल कितवीत आहे हे न बघता त्याला काय येतं ते बघायचं, सारखं येणाऱ्यांना एकत्र बसवायचं आणि तिथून पुढची पायरी शिकवायची. सरकारी भाषेत याच्या पहिल्या भागाला 'अध्ययन स्तर निश्चिती' म्हणतात. शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा शब्द आला की बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्या का, ते पुढे सांगते.

आधी पायऱ्या. वाचनाच्या पाच: काहीच न येणारा, अक्षर ओळखणारा, शब्द वाचणारा, परिच्छेद वाचणारा आणि गोष्ट वाचणारा. तपासणीला प्रश्नपत्रिका नसते. एक मूल आणि एक मोठं माणूस, व्हरांड्यात किंवा झाडाखाली, वर्गापासून लांब. हातात एक कागद. सुरुवात मधूनच करायची, चार सोप्या ओळींच्या परिच्छेदापासून. तो आला तर गोष्ट द्यायची, अडला तर शब्द, शब्दही अडले तर अक्षरं. एका मुलाला फार तर पाच मिनिटं लागतात. मधून का सुरू करायचं? अक्षरांपासून चढत गेलं तर प्रत्येक मुलाची तपासणी त्याच्या अपयशावर संपते. परिच्छेद अडल्यावर खाली आलं तर ती त्याला येणाऱ्या गोष्टीवर संपते. कागद बनवणाऱ्यांच्या मनात हे होतं की नाही मला माहीत नाही, पण मुलांच्या चेहऱ्यावर फरक दिसतो.

गणितातही तसंच. आधी हातच्याची वजाबाकी, जमली तर भागाकार, नाही जमली तर अंकओळख.

या पद्धतीची मुळं मुंबईतली आहेत. १९९४ च्या सुमारास डॉ. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी 'प्रथम' ही संस्था सुरू केली. काम वस्त्यांमधल्या बालवाड्यांपासून सुरू झालं आणि मग महापालिकेच्या शाळांमध्ये 'बालसखी' आली. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, शाळा शिकलेली तरुण मुलगी. दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मानधन. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं घेऊन ती रोज साधारण दोन तास वेगळी बसायची. कधी जिन्याखाली, कधी गच्चीवर, जिथं जागा मिळेल तिथं.

याचा खरंच उपयोग होतो का, हे २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि बडोद्यात तपासलं गेलं. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी ते केलं. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा आणि आई माहेरच्या पाटणकर, २०१९ मध्ये नोबेल मिळाल्यावर आपण हे अभिमानानं एकमेकांना सांगितलं होतं.) चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवून काही शाळांत बालसखी तिसरीला दिली, काहींत चौथीला, आणि मग तुलना केली. दोन वर्षांनी बालसखी असलेल्या वर्गांची सरासरी ०.२८ प्रमाण विचलनानं वर गेली. साध्या भाषेत सांगायचं तर शंभर मुलांच्या रांगेत पन्नासाव्या नंबरावर असलेलं मूल एकोणचाळिसाव्याच्या आसपास आलं. पाचशे रुपये पगाराच्या मुलीनं हे केलं होतं.

मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. पंधरा-वीस मुलं बाहेर गेल्यावर मूळ वर्गही रिकामा झाला होता. उरलेल्या मुलांना आता शिक्षक जास्त वेळ देऊ शकत होते. तरी त्या मुलांच्या गुणांत दखल घ्यावी असा फरक पडला नाही. म्हणजे बालसखीकडची मुलं पुढे गेली त्याचं श्रेय केवळ छोट्या गटाला देता येत नाही. त्यांना जे येत होतं तिथून शिकवणं सुरू झालं होतं, हे त्यातलं मोठं कारण. पटसंख्या कमी करा ही आम्हा शिक्षकांची जुनी मागणी आहे आणि मी ती सोडणार नाही, पण हे वाचल्यावर मी ती थोडी हळू आवाजात करते.

ही कमाई टिकली का? पूर्ण नाही. कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात बरीचशी विरली, थोडी उरली. यात नवल नाही. पायरी चढवून मुलाला पुन्हा त्याच गाडीत बसवलं, तर गाडी पुन्हा पुढे निघून जाते.

पुढची दहा वर्षं हेच सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांकडून कसं होईल याच्या खटपटीत गेली. या खटपटींची गंमत अशी की त्यातल्या फसलेल्यांतूनच जास्त कळतं. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात गावकऱ्यांच्या बैठका घेऊन 'तुमच्या मुलांना वाचता येत नाही' हे त्यांना दाखवून दिलं. गावकऱ्यांनी ऐकलं, शाळेत काहीच बदललं नाही. बिहार आणि उत्तराखंडात शिक्षकांना साहित्य दिलं, प्रशिक्षण दिलं. तेवढ्यानं मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. पण त्याच बिहारमध्ये २००८ च्या उन्हाळ्यात सरकारी शिक्षकांनीच महिनाभराची शिबिरं घेतली, तेव्हा मुलं पुढे गेली. शिक्षक सरकारीच, पद्धत तीच. सुट्टीत चालणारी आणि शाळेत न चालणारी अशी ही काय भानगड?

कोणत्याही शिक्षिकेला विचारा, ती सांगेल. शाळा सुरू झाली की अभ्यासक्रम पूर्ण करायचा असतो. मला कुणी 'चौथीच्या मुलाला अक्षरं का शिकवली नाहीत' असं विचारत नाही. 'कितवा पाठ चालू आहे' असं विचारतात. चौथीच्या तासाला मी बाराखडीचा तक्ता काढला तर मीच मागे पडते. म्हणून २०१२-१३ मध्ये हरियाणात वेगळी युक्ती केली. शाळेच्या दिवसातच एक तास यासाठी बाजूला काढला, तिसरी ते पाचवीची मुलं स्तरानुसार नव्यानं बसवली, आणि त्या तासाला अधिकाऱ्यांनीही तेच बघायचं असं ठरलं. भाषेत सुधारणा झाली. पुढच्या वर्षी उत्तर प्रदेशात, जिथली अवस्था जास्त वाईट होती, 'प्रथम'च्या कार्यकर्त्यांनी आणि गावातल्या स्वयंसेवकांनी शाळेतच दहा-दहा, वीस-वीस दिवसांची शिबिरं घेतली, वर्षात मिळून पन्नास दिवस. शेवटी शिबिरं झालेल्या शाळांत निम्म्याच्या जवळपास मुलं परिच्छेद किंवा गोष्ट वाचत होती. इतर शाळांत साधारण पाव.

आता त्या तासात होतं काय? 'प्रथम'नं या पद्धतीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून तिला 'कमाल' म्हटलंय. नाव जरा जाहिरातीसारखं आहे, पण तासाला जादू नसते. मुलं जमिनीवर गोल बसतात. आधी पाच मिनिटं गप्पा: काल पाऊस किती पडला, कुणाची शेळी व्याली. मग त्या गप्पांतलाच एखादा शब्द पकडून बाराखडीच्या तक्त्यावर शोधायचा. शेळीतला 'शे' कुठे, 'ळी' कुठे. मग शिक्षिका छोटी गोष्ट मोठ्यानं वाचते, ओळीखाली बोट फिरवत, आणि मुलं मागून. मग गटात खेळ, मग वहीत आपल्या मनचं काहीतरी लिहायचं, चुकलं तरी चालेल. बोलणं, करणं, वाचणं, लिहिणं एकाच तासात, आणि सगळं मुलाला झेपेल त्या उंचीचं.

गणिताचं एक उदाहरण जवळून बघा. ४२ वजा १७. माझ्याकडे याचं सर्वांत जास्त वेळा येणारं चुकीचं उत्तर आहे ३५. मुलगी म्हणते, सातातून दोन गेले पाच, चारातून एक गेला तीन. तिला वजाबाकी येते, फक्त मोठ्यातून लहान वजा करायचं एवढंच तिनं धरून ठेवलंय. वर कोण, खाली कोण याला अर्थ नाही. इथं आपण काय करतो? 'हातचा घे' असं ओरडतो. हातचा म्हणजे काय, कुणाच्या हातातला, हे तिला ठाऊक नसतं. मी काड्या काढते. दहा-दहाचे चार गठ्ठे रबर लावलेले, दोन सुट्या. "यातल्या सतरा मला दे." ती एक गठ्ठा देते. सात सुट्या द्यायच्या, आहेत दोन. ती काड्यांकडे बघते, माझ्याकडे बघते. मी गप्प बसते, आणि शिकवण्याच्या धंद्यात गप्प बसण्याइतकं अवघड काही नाही. मग ती हळूच म्हणते, "बाई, गठ्ठा सोडू का?"

बस्स. तिनं स्वतः शोधला हातचा. रबर निघालं, दहा काड्या सुट्या झाल्या, बारातून सात दिल्या. हातात दोन गठ्ठे आणि पाच. हे पुस्तकात 'दशक सुटा करणे' म्हणून छापलेलं आहेच, पण वाचून कळण्याची ती गोष्ट नाही.

गंमत म्हणजे हीच मुलगी आठवडी बाजारात आईच्या भाजीच्या पाट्यांशी बसते आणि पन्नासच्या नोटेतून सतरा रुपये वळते करून सुटे परत देते. न चुकता. २०२५ मध्ये बॅनर्जी-दुफ्लो यांच्याच गटाचा एक अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं आठशे ग्रॅम बटाटे आणि सव्वा-दीड किलो कांदे यांचा हिशेब तोंडी करत होती, पण वहीतला साधा भागाकार त्यांना जमत नव्हता. आणि नुसती शाळेत जाणारी मुलं नेमकी उलटी. म्हणजे आपण 'याला गणित येत नाही' म्हणतो तेव्हा बऱ्याचदा आपलं गणित आणि त्याचं गणित यांची ओळख झालेली नसते.

मुलांच्या मनाचं काय, हा प्रश्न हल्ली शाळांत वेगळा विचारला जातो. दिल्ली सरकारनं जुलै २०१८ मध्ये आठवीपर्यंत 'हॅपिनेस'चा रोजचा तास सुरू केला: डोळे मिटून श्वासाकडे लक्ष, गोष्टी, गप्पा, परीक्षा नाही. मला ते आवडतं. आमच्याकडे परिपाठात दोन मिनिटं शांत बसतो, त्यानं वर्ग निवतो. पण पाऊण तास शांत बसवून पुढचे पाच तास न कळणाऱ्या पुस्तकासमोर बसवलं, तर त्या मुलाला आपण फक्त शांतपणे दुःख सोसायला शिकवलं.

कारण भीती आणि शिकणं एकाच जागेवर भांडतात. एखादी गोष्ट हाताळताना आपण ती मनात थोडा वेळ धरून ठेवतो. ती जागा फार छोटी असते, पोळपाटाएवढी. एका वेळी एकच पोळी. 'आता माझी पाळी येईल, सगळे हसतील' या विचारानं अर्धा पोळपाट अडवला, तर 'श' ला एक मात्रा 'शे' हे लाटायचं कुठं? मुलाला येत असलेलंही त्या क्षणी येत नाही. आणि बाई म्हणतात, काल तर सांगितलं होतंस!

हे सगळं वाचून मी उत्साहानं सुरुवात केली आणि पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली. दोन शिक्षकांची शाळा, पहिली ते चौथी. मी सगळ्यांनाच स्तरानुसार बसवलं. त्यामुळे माझा वहीवाला मुलगा दुसरीतल्या पोरांमध्ये गेला. उंचीनं त्यांच्या दीडपट. तिसऱ्या दिवशी दुसरीतल्या एका चिमुरडीनं त्याला मोठ्यानं शब्द सांगितला, बाकीची हसली, आणि हा उठला, बाटली घेतली, नळावर गेला तो शाळा सुटेपर्यंत आलाच नाही. मूळ पद्धतीत तिसरी ते पाचवीचीच मुलं का घेतात, हे मला तेव्हा समजलं. पहिली-दुसरीतली मुलं अजून मागे पडलेलीच नसतात, ती शिकायच्या वयातच असतात. पुढच्या आठवड्यात तिसरी-चौथीचा गट वेगळा केला आणि शब्दकार्डांचा डबा याच्या ताब्यात दिला. कार्डं वाटणारा म्हणजे मॉनिटर, त्यामुळे नळाच्या फेऱ्या जरा कमी झाल्या.

गटांना नावं द्यायची असतील तर आंबा, पेरू, चिकू काहीही द्या, मुलांना दोन दिवसांत कळतं कोणता गट काय आहे ते. लपवून उपयोग नाही. उपयोग होतो तो गट बदलण्याचा. दर काही आठवड्यांनी पुन्हा झाडाखाली बसायचं आणि जो चढला त्याला तेव्हाच उचलायचं. हे झालं नाही तर गट म्हणजे जातीच होतात, आणि मग पद्धत नसलेली बरी.

आणि आता त्या आठ्या. स्तर निश्चिती वर्गासाठी असते तोवर ती कामाची. ज्या दिवशी तिचे तक्ते वर मागवले जातात आणि 'तुमच्या शाळेत अजून अक्षर स्तरावर तीन मुलं कशी' असा फोन येतो, त्या दिवशी ती तीन मुलं कागदावर परिच्छेद वाचायला लागतात. फोन करणाऱ्यालाही हे माहीत असतं. २०२१ मध्ये 'निपुण भारत' सुरू झालं, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता आणि साधं गणित करता यावं, २०२६-२७ पर्यंत. उद्दिष्टाबद्दल माझी तक्रार नाही. तारखेची मात्र धास्ती वाटते, कारण तारीख जवळ आली की झाडाखालची पाच मिनिटं रजिस्टरमध्ये जातात. ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मुलानं वस्तू हाताळत स्वतःच शिकायचं या विचाराचं, असंच झालेलं मी बघितलंय. साताऱ्यातल्या कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांचा गट) शिक्षकांनी मुलांना फरशीवर आखलेल्या चौकटींवर, काड्या-खड्यांनी, आपापल्या गतीनं शिकू दिलं. राज्यभरातून शिक्षक बघायला गेले. परत येऊन आम्ही काय केलं? फरशा रंगवल्या. ऑइल पेंटचा खर्च झाला, आणि कित्येक ठिकाणी त्या चौकटींवर मुलं रांगेत बसून फळ्यावरचं उतरवत राहिली.

मुलाकडे शाळेनं जायचं, ही कल्पना आपल्याकडे मुळात जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर काम केलं तेव्हा आदिवासी मुलं गुरं राखायला जायची म्हणून शाळेत येत नव्हती. त्यांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. ऊसतोडीच्या फडावर शाळा नेणं त्यामानानं जड जातंय असं दिसतं.

तो मुलगा? फेब्रुवारीत तो परिच्छेद वाचत होता. गोष्टीपर्यंत पोचला नाही. 'त्र' आणि 'प्र' आला की अजून थांबायचा, ओठ हलवायचा, मग पुढे. तेवढ्यात चौथी संपली. बाटली घेऊन नळावर जाणं शेवटपर्यंत सुटलं नाही, फक्त वेळ बदलली. मी भागाकार काढला की तो उठायचा.